गोव्याचं नौदल विमान संग्रहालय पाहण्यासारखं आहे का? तिथे काय चुकवू नये?

नक्की जा, आणि वेळ हाताशी ठेवून जा. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं.

सगळ्यात आधी गाठा ते सुपर कॉन्स्टेलेशन. चार पिस्टन इंजिनं, माशासारखं वळणदार अंग आणि शेपटीला तीन उभे पंख. १९५०च्या दशकात एअर इंडियाच्या ताफ्यात प्रवासी नेणारं हे विमान पुढे हवाई दलात आणि १९७६ मध्ये नौदलात आलं, सागरी टेहळणीसाठी. एवढं देखणं विमान पुन्हा झालं नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग सी हॉक हे लढाऊ विमान आणि अलीझे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून उडून सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले केले. पाणबुड्या शोधणारं अलीझे पाहताना पंखांचे सांधे आणि शेपटीखालचा हुक आवर्जून बघा. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख दुमडायचे. उतरताना तो हुक डेकवरच्या आडव्या तारेत अडकला की विमान थोडक्या अंतरात थांबायचं. २०१६ मध्ये निवृत्त झालेलं सी हॅरियरही आहे. ते तर हवेत स्थिर राहून सरळ खाली उतरायचं.

बरीच विमानं उघड्यावर आहेत. खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियमला गंज धरतो, रंग उडतो, त्यामुळे डागडुजी सतत करावी लागते. कृपा करून पत्र्यावर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. सोमवारी बंद असतं.