औषध कंपनीच्या मायक्रो (मायक्रोबायोलॉजी) लॅबला नवीन लागलायस ना, मग हे ऐक

अरे स्टेरिलिटी (औषधात जंतू नाहीत ना ही टेस्ट), मीडिया फिल (औषधाऐवजी जंतूंचं खाद्य भरून घेतलेली फिलिंगची चाचणी) हे सगळं शिकशील हळूहळू, आधी प्लेट (जंतू वाढवायची बशी) नीट वाचायला शीक. काउंट घेताना प्लेट उजेडासमोर तिरकी धरून बघायची, कडेला चिकटलेली टाचणीच्या टोकाएवढी कॉलनी (वाढलेल्या जंतूंचा ठिपका) हमखास सुटते. ग्रेड ए (सगळ्यात स्वच्छ भाग) मध्ये एक जरी दिसली तरी लगेच सीनियरला सांग, प्रॉडक्शनवाले बॅच अडकली म्हणून डोकं खातील, खाऊ देत, पण ती प्लेट टाकून देऊ नकोस, जंतू कोणता ते ओळखायला (आयडेंटिफिकेशनला) लागते. आणि रीडिंग कच्च्या कागदावर घेऊन नंतर उतरवायची सवय तर अजिबात नको, ऑडिटर डस्टबिनसुद्धा उपसतात (खरंच!). सेटल प्लेट (हवेतले जंतू पडावेत म्हणून उघडी ठेवतात ती) ४ तासांच्या वर उघडी नाही, स्टेरिलिटीचं इन्क्युबेशन (जंतू वाढतात का बघायला उबेत ठेवणं) १४ दिवस म्हणजे १४च, तेराव्या दिवशी कितीही फोन आले तरी.