आधी मेरीला भेट

जाणिवेवरचे जाडजूड ग्रंथ एवढ्यात हातात घेऊ नकोस. फ्रँक जॅक्सन या ऑस्ट्रेलियन प्राध्यापकांनी १९८२ साली मांडलेला मेरीचा दाखला आधी नीट पचव. मेरी काळ्या-पांढऱ्या खोलीत राहून शिकलेली एक काल्पनिक शास्त्रज्ञ. रंग कसे दिसतात, डोळ्यात आणि मेंदूत काय घडतं, सगळं तिला तोंडपाठ. एक दिवस ती बाहेर येते आणि पिकलेला लालबुंद टोमॅटो बघते. तिला नवीन काही कळलं का? जॅक्सन यांचा युक्तिवाद असा, की हो, कळलं; म्हणजे मेंदूची सगळी भौतिक माहिती असूनही जाणिवेतलं काहीतरी उरतंच.

लगेच ‘हो’ म्हणू नकोस. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांचं म्हणणं असं, की तिला नवी माहिती मिळालीच नाही. लाल रंग ओळखण्याची, डोळ्यांसमोर आणण्याची हातोटी तेवढी आली. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही, पण ते खोडून काढताना आजही घाम फुटतो.

वही घे, युक्तिवादातली गृहीतकं एकाखाली एक मराठीत लिही. ‘कळणं’ आणि ‘जाणवणं’ ही आपली दोन वेगळी क्रियापदं; कुठे कुठलं बसतं ते तपास. अर्धा गुंता तिथेच दिसेल. आणि हो, जॅक्सन यांनी पुढे स्वतःच हा युक्तिवाद सोडला. का, ते मात्र दोन्ही बाजू तुझ्या शब्दांत मांडून झाल्यावरच वाच.