कार्बन डायऑक्साइड ६२ आला, बाळाच्या मेंदूला इजा झाली असेल का?

प्रश्न: माझी मुलगी २८व्या आठवड्यात झाली, आज पाचवा दिवस, व्हेंटिलेटरवर आहे. दुसऱ्या दिवशी ब्लड गॅसमध्ये (रक्तातल्या वायूंच्या तपासणीत) कार्बन डायऑक्साइड ६२ (मिमी पारा) आला, मग सेटिंग बदललं आणि संध्याकाळी ४८. नर्सताईंच्या तोंडून मेंदूतला रक्तस्राव हा शब्द ऐकल्यापासून डोळ्याला डोळा नाही. ६२ मुळे काही झालं असेल का? आणि सरळ ४० वर, म्हणजे नेहमीच्या पातळीवर, का आणत नाहीत?

उत्तर: ताई, एकट्या ६२ वरून असं कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पण आकडा बघून डॉक्टर का धावतात ते सांगते. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं, आणि इतक्या लवकर जन्मलेल्या बाळात मेंदूच्या आतल्या पोकळ्यांलगत एक अगदी नाजूक रक्तवाहिन्यांचा थर असतो (साधारण ३२-३४ आठवड्यांपर्यंत तो विरून जातो), तो हा ताण सोसत नाही आणि फुटू शकतो. उलट आकडा ३५ च्या खाली घसरला तर वाहिन्या आकसतात, रक्त कमी पोचतं, आणि त्याच पोकळ्यांजवळच्या पांढऱ्या भागाला इजा होऊ शकते. म्हणजे मार दोन्हीकडून! सगळ्यात वाईट म्हणजे वर-खाली हेलकावे, खासकरून पहिल्या तीन दिवसांत.

म्हणूनच घाईने ४० वर आणत नाहीत, त्यासाठी व्हेंटिलेटरचा जोर वाढवावा लागतो, कोवळी फुप्फुसं दुखावतात आणि कधी आकडा पार खालीच जातो. ४५ ते ५५ आणि पीएच (रक्ताच्या आम्लतेचं माप, कमी म्हणजे आम्लता जास्त) ७.२ च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर तेवढं चालवून घेतात, तो हलगर्जीपणा नव्हे. तुमचा ४८ त्यात बसतो.

बहुतेक रक्तस्राव पहिल्या तीन दिवसांतच होतात, तुम्ही पाचव्यावर आहात, हे चांगलंच. तरी ब्लड गॅस मेंदू दाखवत नाही, तो दिसतो टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत. ती झाली का, रक्तस्राव असला तर ग्रेड (तो किती मोठा) कुठला हे विचारा, १ किंवा २ असेल तर बऱ्याच मुलांची वाढ छान होते. पांढऱ्या भागाची इजा लगेच दिसत नाही, त्यामुळे पहिली नॉर्मल आली तरी काही आठवड्यांनी पुन्हा करतात, तारीख आत्ताच विचारून ठेवा.