क्वीन अँथुरियम: कुंडीत पाणी कमी, हवेत जास्त

क्वीन अँथुरियम, म्हणजे अँथुरियम वारोकियानम, हे कोलंबियातल्या ओल्या जंगलांत झाडांच्या खोडांवर वाढतं. मखमली, गडद हिरवी, पांढऱ्या शिरांची पानं तिथे मीटरभराहून लांब होतात. १८७८ मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव मिळालं. आपल्याकडे ते आता बऱ्यापैकी मिळू लागलंय आणि त्याबद्दलची पत्रंही वाढली आहेत. त्यातली ही निवडक.

ऑनलाइन मागवलेलं छोटं रोप मॉसमध्ये (ओलावा धरणाऱ्या शेवाळात) गुंडाळून आलं. आठवड्यात एक पान पिवळं पडलं. मातीत लावू का? (पुणे)

मातीत अजिबात नको. याची मुळं सालीला चिकटून, हवेत वाढणारी. बागेतल्या मातीत ती आठ-पंधरा दिवसांत कुजतात. प्रवासानंतर एखादं जुनं पान जाणं नेहमीचंच आहे; कोंब टणक आणि हिरवा असेल तर काळजी नको.

मॉस कोमट पाण्यात भिजवून हलक्या हाताने सोडवा. काळी-तपकिरी, बोटात दाबली की साल सुटणारी मुळं स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने कापा. मिश्रणासाठी नारळाच्या सोडणाचे किंवा पाइनच्या सालीचे तुकडे चार भाग, परलाइट (पांढरे, हलके खनिज कण) दोन भाग, लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे एक भाग आणि स्फॅग्नम मॉस एक भाग घ्या. सोडणाच्या तुकड्यांत क्षार असतात, म्हणून ते रात्रभर भिजवून पाणी फेकायचं आणि पुन्हा एकदा तसंच करायचं. ही पायरी गाळली की पानांची टोकं जळतात आणि दोष खताला दिला जातो.

कुंडी मुळांपेक्षा जेमतेम मोठी, तीन-चार इंचांची, शक्यतो पारदर्शक प्लास्टिकची घ्या. मोठ्या कुंडीचा मधला भाग वाळतच नाही. लावलेलं रोप झाकणाच्या पारदर्शक डब्यात, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. पहिला आठवडा झाकण रोज दहा मिनिटं उघडा, मग वेळ वाढवत तीन-चार आठवड्यांत रोप बाहेर काढा. नवं पान येईपर्यंत खत नाही.

मे महिन्यात नवीन पान फाटूनच बाहेर येतं, कडा वाळतात. दिवसातून चार वेळा फवारणी करते, तरी तेच. (नागपूर)

पान उलगडताना ते कागदाहून नाजूक असतं आणि हवा कोरडी असली की आवरणातच अडकतं. मग वाढीच्या ताणाने फाटतं. फवारणीचा ओलावा काही मिनिटांत उडून जातो; उलट मखमली पानावर पाण्याचे डाग तेवढे राहतात. गरज आहे ती सतत ७० टक्क्यांच्या वर आर्द्रतेची. अंदाजावर जाऊ नका, एक साधा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) झाडाशेजारी ठेवा.

तुमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा किंवा हनीकोम्बचा कूलर असेलच. तो इथे खरोखर कामाचा आहे, कारण हवा गार करताना ओलीही करतो. फक्त त्याचा झोत सरळ पानावर येऊ देऊ नका. एसीच्या खोलीत मात्र हे झाड ठेवू नये; एसी हवेतलं पाणी काढून घेतो. ह्युमिडिफायर घेणार असाल तर त्यात आरओचं पाणी घाला. बोअरचं पाणी घातलं तर त्यातल्या क्षारांची पांढरी पूड पानांवर बसते. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे काचेचं कपाट, आत एलईडी दिवा बारा तास आणि संगणकातला छोटा पंखा. खर्च होतो, पण विदर्भात याला पर्याय कमीच. हिवाळ्यात रात्री पारा १५ अंशांखाली गेला तर वाढ थांबते, तेव्हा पाणीही कमी करा.

आमच्याकडे दमट हवा भरपूर. तरी पावसाळ्यात पानांवर ओलसर, पिवळ्या कडेचे ठिपके पडले. (सावंतवाडी)

वर्णनावरून जिवाणूजन्य करपा वाटतो. दमटपणा तुमच्या बाजूने आहे, पण कोंडलेली हवा नाही. रात्रभर पान ओलं राहिलं की जिवाणू पानाच्या कडेने किंवा जखमेतून आत शिरतात आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या झाडावर जातात.

आज करायचं ते हे: डागाळलेली पानं देठासकट कापा, प्रत्येक कापानंतर ब्लेड स्पिरिटने पुसा, झाड इतर अँथुरियमपासून लांब न्या, वरून पाणी घालणं बंद करा आणि मंद पंखा चोवीस तास चालू ठेवा. तांबंयुक्त औषध पानांना जाळू शकतं, म्हणून ते आधी एका पानावर वापरून पाहा. देठांच्या बुडाशी पिवळेपणा येऊन पानं हात लावताच गळू लागली, तर रोग खोडात पोचलेला असतो. अशा वेळी झाड मिश्रणासकट टाकून द्यावं, कंपोस्टमध्येही नको. महाग झाड टाकणं जिवावर येतं. पण ते ठेवल्यास बाकीचीही जातात.

कोवळ्या पानांवर चंदेरी-तपकिरी ओरखडे दिसतात. (ठाणे)

फुलकिडे. पानाखाली भिंगातून बघा, बारीक पिवळसर किडे आणि काळे ठिपके दिसतील. ४५ टक्के स्पिनोसॅड हे कीटकनाशक ०.३ मिली एक लिटर पाण्यात मिसळून, हातमोजे घालून संध्याकाळी पानाच्या दोन्ही बाजूंना फवारा. अंडी पानाच्या आत असतात, त्यामुळे एका फवारणीने भागत नाही. सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा करा. कडुनिंबाचं तेल या पानांवर टाळा, मखमल कायमची तेलकट दिसते.

खत कोणतं आणि किती? आणि एका पानापासून नवीन रोप होतं का? एकाने नुसतं पान देऊ केलंय. (मुंबई)

१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) पाव ग्रॅम एका लिटर पाण्यात, एक पाणी सोडून एक. महिन्यातून एकदा साधं पाणी भरपूर ओतून साचलेले क्षार धुऊन काढा. वरचं इंचभर मिश्रण सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही.

नुसतं पान घेऊ नका. ते पाण्यात महिनोन्‌महिने हिरवं राहील, कदाचित मुळंही फुटतील, पण डोळा, म्हणजे नवा कोंब फुटण्याची जागा, नसल्याने रोप होणार नाही. खोड उंच होऊन खालून उघडं पडलं की दोन-तीन हवाई मुळांच्या खाली कापून वरचा भाग ओल्या मॉसमध्ये लावा. उरलेला बुंधा फेकू नका, त्यावर ओलं मॉस गुंडाळलं तर काही आठवड्यांत फुटवा येतो. कापताना हातमोजे घाला. चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात आणि त्वचा खाजते. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावरच ठेवा.