क्यूबासारखा छोटा, गरीब देश इतर देशांना मदत कशी काय करतो? की हा नुसता प्रचार आहे?

प्रचार म्हणून झटकून टाकण्यासारखी ही गोष्ट नाही. एमबीबीएसनंतर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष मी आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. इमारत होती, औषधंही यायची, टिकून राहणारा डॉक्टर तेवढा नसायचा. क्यूबा नेमकं तेच देतो: तिथे जाऊन राहणारा माणूस.

१९५९च्या क्रांतीनंतर त्यांच्या सुमारे सहा हजार डॉक्टरांपैकी जवळपास निम्मे देश सोडून गेले. तरी १९६३मध्ये पन्नासहून अधिक जणांचं पथक अल्जीरियाला गेलं, कारण तिथले फ्रेंच डॉक्टर स्वातंत्र्यानंतर निघून गेले होते. पुढे क्यूबाने सरकारी खर्चाने इतके डॉक्टर घडवले की लोकसंख्येच्या मानाने आज तो जगात वरच्या रांगेत आहे. ‘कशी काय’चं उत्तर हेच.

मला सगळ्यात भिडतो तो ऑक्टोबर २००५चा पाकिस्तानातला भूकंप. इस्लामाबादेत क्यूबाचा दूतावाससुद्धा नव्हता, तरी सुमारे २,४०० जण आले आणि थंडी संपेपर्यंत डोंगरात तंबू ठोकून राहिले. उष्ण बेटावरची माणसं ती! पथकात बायका भरपूर होत्या. पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू न देणाऱ्या तिथल्या बायका त्यांच्याकडे तपासून घ्यायला येत. हे काम नुसत्या औषधांच्या खोक्यांनी झालं नसतं.

आता दुसरी बाजू. सगळंच फुकट नसतं. व्हेनेझुएलाकडून डॉक्टरांच्या बदल्यात तेल मिळालं, ब्राझीलने रोख पैसे मोजले, आणि त्यातला मोठा वाटा डॉक्टरांच्या हाती न पडता सरकारने ठेवला. मोहीम अर्ध्यात सोडणाऱ्याला आठ वर्षं मायदेशी येऊ देत नाहीत. हा त्या डॉक्टरांवर सरळसरळ अन्याय आहे. क्यूबाबद्दल कितीही आपुलकी असली तरी हे बोलायलाच हवं.

तरी माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोलाचं काम वेगळंच आहे. मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवर आलेल्या १९९८च्या चक्रीवादळांनंतर त्यांनी हवानाजवळची नौदलाची जुनी अकादमी रिकामी करून तिथे परदेशी मुलांसाठी वैद्यकीय महाविद्यालय काढलं. शिक्षण फुकट, अपेक्षा एवढीच की परत जाऊन गोरगरिबांत काम करायचं. आग्नेय आशियातल्या पूर्व तिमोर या छोट्या देशाचे शेकडो तरुणही क्यूबाने डॉक्टर केले. आधी स्पॅनिश शिकायची, मग शरीरशास्त्र. आज त्या देशातल्या खेड्यापाड्यांत पेशंट तपासणारे बरेच डॉक्टर हेच आहेत, तिथलेच.