सोरा, बर्फ आणि ३१ डिसेंबर: अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीच्या मोहिमा

१९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन आणि काँकॉर्डला गोळीबार झाला, आणि त्यानंतर बॉस्टनमधल्या इंग्रज फौजेला वसाहतींच्या मिलिशियाने (गरजेला हत्यार उचलणाऱ्या नागरिकांच्या सैन्याने) जमिनीकडून वेढा घातला. तिथपासून जानेवारी १७७७ पर्यंतच्या मोहिमांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाचांची ही उत्तरे.

प्रश्न: बंकर हिलची लढाई इंग्रजांनी जिंकली असे एके ठिकाणी वाचले, तर दुसरीकडे तो अमेरिकनांचा पराक्रम म्हणून सांगतात. खरे काय?

दोन्ही खरे. १७ जून १७७५ रोजी टेकडी इंग्रजांच्या हाती आली, पण त्यांचे २२६ ठार आणि ८२८ जखमी झाले. अमेरिकनांचे एकूण नुकसान साडेचारशेच्या आसपास. शिवाय लढाईचा मुख्य भाग बंकर हिलवर नव्हे, शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाला.

त्या काळच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा भरवसा ऐंशी-शंभर यार्डांपलीकडे नसे. बचाव करणारे मातीच्या बांधाआड आणि गवत कोंबलेल्या कुंपणाआड बसून शत्रू अगदी जवळ येईपर्यंत थांबले. इंग्रज मात्र उघड्या उतारावरून रांगेत चढत होते. त्यांच्या सहा पौंडी तोफांना बारा पौंडी गोळे पोचले होते, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी त्या निरुपयोगी. तिसऱ्या हल्ल्यात टेकडी पडली ती आत बंदुकीची दारू संपली म्हणून, आणि बहुतेकांच्या बंदुकींना संगिनीच नव्हत्या म्हणून.

माझ्या मते इंग्रजांची खरी चूक आधीच झाली होती. चार्ल्सटाउनच्या द्वीपकल्पाला मुख्य भूमीशी जोडणारी अरुंद पट्टी मागून अडवली असती, तर टेकडीवरचे सगळे आपोआप कोंडले गेले असते. जनरल क्लिंटनने तसे सुचवलेही होते.

प्रश्न: अमेरिकनांकडे दारूची एवढी टंचाई का होती? गावोगावी शिकारी होते ना?

शिकाऱ्याला वर्षाला थोडीशी दारू पुरते, वेढ्याला नाही. दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. कोळसा कुठेही मिळतो. अडते ते सोऱ्यापाशी. वसाहतींत सोरा बनवण्याचा मोठा धंदा उभा राहिलाच नव्हता.

ऑगस्ट १७७५ च्या सुरुवातीला अमेरिकनांचा सरसेनापती वॉशिंग्टनला कळले, की तीनशेहून अधिक पिंपे दारू आहे असा जो हिशेब दिला होता, त्यात वापरून संपलेली दारूही धरली होती. मॅसॅच्युसेट्सच्या कोठारात प्रत्यक्षात ३६ पिंपे उरली होती. माणशी जेमतेम नऊ काडतुसे, आणि समोर नियमित फौज! ही बातमी बाहेर फुटू न देणे हेच तेव्हाचे मोठे काम होते. पुढची दोन वर्षे बहुतेक दारू किंवा तिचा सोरा परदेशातून, विशेषतः फ्रान्सकडून आणि कॅरिबियनमधल्या डच बेटांमार्गे आला.

प्रश्न: त्याच सुमारास इंग्रज मराठ्यांशीही लढत होते. दोन्ही युद्धांचा संबंध आहे का?

तारखा जवळच्या आहेत: राघोबादादांशी सुरतेचा तह ६ मार्च १७७५ चा, अडासची लढाई १८ मे १७७५ ची. पण इथे लढत होती ती कंपनीची मुंबईची फौज, तिकडे राजाची. ठोस धागा सोऱ्याचा. इंग्लंडच्या दारूतला सोरा मुख्यतः बिहारमधून, कंपनीच्या जहाजांतून जाई. बॉस्टनच्या वेढ्यात एका बाजूला हा पुरवठा होता, दुसऱ्या बाजूला ३६ पिंपे.

प्रश्न: टिकॉन्डेरोगा किल्ल्यावरच्या तोफा बॉस्टनला कशा आणल्या? आणि क्विबेकची मोहीम मात्र का फसली?

दोन्ही हिवाळ्यातल्या मोहिमा, म्हणून एकत्रच सांगतो.

हेन्री नॉक्स २५ वर्षांचा पुस्तकविक्रेता. ५ डिसेंबर १७७५ ला तो टिकॉन्डेरोगाला पोचला. तिथून त्याने ५९ तोफा आणि उखळी तोफा निवडल्या. वजन सुमारे ६० टन. आधी जॉर्ज सरोवरातून होड्यांनी. त्यातली एक बुडाली, पण काठाजवळ असल्याने वर काढता आली. पुढे घसरगाड्या आणि बैल. इथे बर्फ हवाच होता: कमी पडला तर गाड्या घसरत नाहीत, नदी नीट गोठली नाही तर तोफ खाली जाते. आल्बनीजवळ तसेच झाले. ती तोफ गावकऱ्यांच्या मदतीने काढली. बर्फ जाड व्हावा म्हणून त्याला भोके पाडून पाणी वर येऊ देत, ते गोठले की थर वाढे. बर्कशायरच्या उतारांवर दोरखंडांनी गाड्या मागे ओढून धरल्या. पंधरा-सतरा दिवसांचा अंदाज होता, लागले सात आठवडे.

४ मार्च १७७६ च्या रात्री डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर मोर्चे उभे राहिले. जमीन दगडासारखी गोठलेली, खणणे अशक्य. म्हणून लाकडी चौकटी आधीच बनवून त्यांत फांद्यांच्या मोळ्या भरल्या. गाड्यांचा आवाज दबावा म्हणून चाकांना गवत गुंडाळले, आणि दुसऱ्या बाजूने तोफांचा भडिमार चालू ठेवला. सकाळी बंदर माऱ्यात होते. इंग्रजांच्या तोफांना तेवढी उंची गाठता येईना. हल्ल्याचा बेत वादळाने उधळला आणि १७ मार्चला त्यांनी बॉस्टन सोडले.

कॅनडातल्या, इंग्रजांच्या ताब्यातल्या क्विबेकला उलट घडले. अमेरिकी कर्नल बेनेडिक्ट आर्नल्ड सुमारे १,१०० माणसे घेऊन मेनच्या जंगलातून निघाला. होड्या घाईने ओल्या लाकडाच्या केल्या होत्या. त्या गळू लागल्या, पीठ आणि दारू भिजली. वाट अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट निघाली. एक तुकडी मागे फिरली आणि सहाशेच्या आसपासच पोचले. माँट्रिऑल घेऊन आलेला अमेरिकी जनरल माँटगोमेरी त्यांना मिळाला, तरी गोठलेल्या जमिनीत खंदक खणता येईनात. बर्फाचे रचलेले मोर्चे शहरातल्या तोफांनी फोडले. त्यात अनेकांची नोकरीची मुदत वर्षअखेर संपत होती. म्हणून ३१ डिसेंबरला, हिमवादळात, हल्ला केला. माँटगोमेरी पहिल्याच माऱ्यात पडला, आर्नल्डच्या पायाला गोळी लागली, चारशेच्या आसपास माणसे कैद झाली.

उरलेल्यांना देवीने गाठले. डॉर्चेस्टरच्या टेकड्या घेणारा जनरल जॉन थॉमस याच मोहिमेवर जून १७७६ मध्ये देवीने वारला. १७७७ मध्ये वॉशिंग्टनने सैन्याला देवी टोचून घेण्याचा हुकूम काढला तो याच अनुभवामुळे.

प्रश्न: ट्रेंटनला नाताळच्या रात्रीच हल्ला का? हेसियन सैनिक (इंग्रजांचे भाडोत्री जर्मन) प्यायलेले होते म्हणून जमले का?

प्यायलेले असल्याची गोष्ट लोकप्रिय आहे, पण तिला आधार नाही. सततच्या पहाऱ्याने आणि धाडींनी ते थकले होते, आणि त्यांचा प्रमुख कर्नल राल याने तटबंदी उभारली नव्हती.

वेळ ठरली ती पुन्हा मुदतीमुळे. न्यूयॉर्क हातचे गेल्यावर उरलेल्या सैन्यातले बरेच जण ३१ डिसेंबरला घरी जाणार होते. २५ तारखेच्या रात्री सुमारे २,४०० माणसे आणि १८ तोफा डेलावेअर नदीपार नेल्या. होड्या लोखंडाचा माल वाहणाऱ्या, रुंद आणि सपाट तळाच्या. त्या हाकल्या जॉन ग्लोव्हरच्या मार्बलहेडच्या कोळ्यांनी. इतर दोन ठिकाणांहून पार होणाऱ्या तुकड्यांचा बर्फामुळे बेत फसला. पहाटे पाचला पोचायचे होते, आठ वाजले. बंदुकांची दारू भिजली होती, म्हणून तोफांवर भिस्त. त्या रस्त्यांच्या तोंडाशी लावल्या आणि हेसियनांना रांगा धरता आल्या नाहीत. सुमारे ९०० कैद, २२ ठार. राल स्वतः जखमांनी मेला.

तरी मुदतीचा प्रश्न होताच. वॉशिंग्टनने माणशी दहा डॉलर देऊन आणखी सहा आठवडे राहण्याची विनंती केली. पहिल्यांदा कोणी पुढे आले नाही. त्याने पुन्हा बोलून पाहिले, तेव्हा माणसे रांगेतून एकेक पुढे आली. ३ जानेवारीला प्रिन्सटनला हीच माणसे लढली.