लीफलेट या वेबवरच्या नकाशांच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीमध्ये दोन वर्तुळं एकमेकांवर आली की रंग गडद का होतो?

देवगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांभोवती 12 सागरी मैलांची, म्हणजे 22,224 मीटरची वर्तुळं काढलीत, फिलओपॅसिटी (आतल्या रंगाचा दाटपणा, 0 ते 1) 0.4 दिलीत, आणि वर्तुळं भिडतात तिथे समुद्र काळवंडतो, हेच ना? बग नाही तो. पहिल्या थरातून खालचा नकाशा 60 टक्के दिसतो, दुसऱ्यातून त्याचा 60 टक्के, उरतो 36. गडदपणा झाला 0.64.

क्रिएटपेनने (createPane) वेगळा पेन, म्हणजे नकाशावरचा स्वतंत्र थर, बनवा, तिन्ही वर्तुळं त्यात टाका, फिलओपॅसिटी 1 करा आणि 0.4 ओपॅसिटी थेट त्या पेनच्या स्टाइलला द्या, म्हणजे ती तिघांना मिळून एकदाच लागेल. रंग मात्र एकच ठेवा, नाहीतर वरचं खालच्याला झाकेल. कडेला वेगळ्या रंगाची रेघ असेल तर तीही काढून टाका; मालवणची रेघ देवगडच्या पोटात फार वाईट दिसते. बाहेरून एकच सलग रेघ हवी असेल तर टर्फ (Turf.js) या लायब्ररीचं, आकार एकत्र जोडणारं युनियन वापरा.